परभणीचे सात अंश आणि गुरुजींचे टायर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गाडीच्या पानावर थंडीतल्या टायरविषयी एक लेख आला होता. सोबत गुडघाभर बर्फात उभ्या असलेल्या लाल गाडीचा फोटो. पारा 7 अंशांच्या खाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, रस्त्यावरची पकड सुटते, म्हणून वेळीच विंटर टायर बसवून घ्या, असा त्याचा मथितार्थ. आणि त्याच अंकात पहिल्या पानावर चौकट होती: परभणी गारठली, पारा सातच्या खाली.

या दोन्ही गोष्टी आमच्या शेजारच्या गुरुजींनी एकाच चहाबरोबर वाचल्या. पुढे जे झालं ते कळवावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त टायरमधल्या हवेबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या.

मी एसटीत 31 वर्षं काढली, त्यातली बहुतेक टायर विभागात, आणि शेवटची काही चिकलठाण्याच्या वर्कशॉपला. माझे हात रबराचे, लेखणीचे नाहीत. पण सोमवारी सकाळी गुरुजी मफलर गुंडाळून, कातरण खिशात घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला, टायर घ्यायला जायचंय, दुकानदार आगाऊ पैसे मागतोय," तेव्हा मला कप खाली ठेवावा लागला.

गुरुजींची गाडी म्हणजे जुनी अल्टो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा घेतली. वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाही. सकाळी भाजी, महिन्याला एकदा गंगाखेड, आणि वर्षातून एकदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूरकडे सासुरवाडीच्या शेतात. यंदाही गुरुजींच्या बाईंनी भज्जीच्या भाज्यांची यादी करून ठेवली होती. येळवशीला पहाटे निघायचं, पहाटे पारा सहावर, म्हणजे टायर कडक, म्हणजे विंटर टायर. मास्तरांचं गणित, पायऱ्या सगळ्या बरोबर, फक्त गृहीतक चुकलेलं.

गावातल्या एका दुकानदारानं त्यांना "मागवून देतो, आठ दिवस लागतील" असं सांगितलं होतं. कुठून मागवणार होता देव जाणे. त्या दुकानाच्या बाहेर पंक्चर काढायला बसणारे चाचा मात्र जागचे न उठता म्हणाले होते, "गुरुजी, अपने परभणी में बरफ खाली गोलेवाले के पास मिलता." गुरुजींना तो अपमान वाटला. म्हणून ते माझ्याकडे आले, मी तरी छापलेल्या कागदाला मान देईन म्हणून.

मी कागदाला मान दिला, कारण 7 अंशांचा आकडा खोटा नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्याही तोच सांगतात. पण तो कुठल्या रस्त्याचा आकडा आहे, हे त्या लेखात नव्हतं.

संक्रांत जवळ आली आहे, म्हणून गुळाचं उदाहरण देतो. गुरुजींनाही हेच दिलं. घरात दोन प्रकारचा गूळ येतो, साधा आणि चिक्कीचा. चिक्कीच्या गुळाची वडी कडक, खुटकन मोडणारी. साध्या गुळाचा लाडू मऊ. थंडीत साधी ढेपसुद्धा बत्त्यानं फोडावी लागते, आणि तीच ढेप मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवा, बोट रुततं. रबर तसंच आहे. आपल्या गाड्यांना लागतो तो टायर चिक्कीच्या गुळासारखा, उन्हात टिकावा म्हणून जरा कडकच ठेवलेला. विंटर टायर म्हणजे मऊ गूळ. त्यात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचा मेळ असा बसवलेला असतो की शून्याखाली गेलं तरी ते लवचीक राहावं. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याला बारीक चिरा दिलेल्या असतात, भरल्या वांग्याला देतो तशा. गाडी चालली की त्या चिरा उघडतात, मिटतात, बर्फाला कडेनं धरतात. नक्षीत बर्फ अडकून राहतो तोही मुद्दाम, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. लहान मुलं गोळा करतात ना मुठीत दाबून, तसंच.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. लेक आणि जावई म्युनिकजवळ राहतात. एका ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडं गेलो, तेव्हा लेकीपुढं हाच प्रश्न होता, टायर बदलायचे की नाही. पहिलं वर्ष, गाडी सेकंडहँड घेतलेली, तिच्यासोबत चाकांचा दुसरा संच नव्हता. ती म्हणाली, बाबा, तुम्ही टायरवाले, तुम्हीच सांगा. मी म्हणालो, नक्षी चांगली आहे की, चालव. तेव्हा जावयानं मला तिथला नियम समजावून सांगितला. तारीख ठरलेली नाही. पण रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी किंवा बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी काढायची नाही. काढली तर 60 युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर दंडाचा एक गुण. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तर ज्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण आहे, तोच हिवाळी टायर धरला जातो. नुसती एम-एस (चिखल-बर्फ) अक्षरं असलेली आता चालत नाहीत. लोकांचा साधा हिशेब म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. आपण मृग ते हस्त म्हणतो, तसा.

तरीही तिला थेट हिवाळी टायर घ्यायचे की बारमाही, हा प्रश्न उरलाच. बारमाही टायरवर ती डोंगराची खूण असली की कायद्याला चालतं, दोन संच सांभाळायला नको, वर्षातून दोनदा गॅरेजची पाळी लावायला नको. तिचं रोजचं चालवणं घर ते रेल्वे स्टेशन, सहा किलोमीटर. मी बारमाहीच्या बाजूचा होतो, खरं सांगायचं तर पैशासाठी. पण जावयाला जानेवारीत मित्रांबरोबर ऑस्ट्रियातल्या डोंगरात जायची हौस. तिथला नियम 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, आणि हिवाळी टायरची नक्षी निदान 4 मिलीमीटर खोल पाहिजे. त्याखाली गेला की तो हिवाळी टायर धरतच नाहीत. शेवटी रोजच्या सहा किलोमीटरवर नाही, वर्षातल्या त्या चार घाटाच्या दिवसांवर निर्णय झाला. हिवाळी संच घेतला, रिमांसकट.

गॅरेजात मी आपला खुर्ची सोडून आत जाऊन उभा राहिलो. काढलेल्या उन्हाळी चाकांवर त्या पोरानं खडूनं खुणा केल्या: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. मग ती चाकं मांडणीवर गेली, नाव-नंबरची चिठ्ठी लावून, एप्रिलपर्यंत. लोकांच्या टायरना तिथं राहायला जागा आहे. नट त्यानं आधी हातानं बसवले आणि मग जोर मोजणाऱ्या पान्यानं आवळले. निघताना कागद दिला, 50 किलोमीटरनंतर येऊन पुन्हा आवळून घ्या. आपल्याकडे पाइप घालून, वर उभं राहून नट आवळणारे मी पाहिले आहेत, आणि तरुणपणी मीच होतो तो.

डिसेंबरात बर्फ पडला तेव्हा मला फरक कळला. लेकीच्या घरासमोर छोटा चढ आहे. शेजारची एक गाडी, टायर बदलायचे राहिलेली, जागच्या जागी चाकं फिरवत होती, मागून पांढरा धुरळा. लेकीची गाडी शांतपणे वर गेली. तिथं दुपारी बारालाही पारा शून्याच्या आसपास, आठवडाभर. 7 अंशांचा आकडा त्या रस्त्याचा आहे. दिवसभर, रात्रभर, महिनोन्महिने सातच्या खाली राहणाऱ्या डांबराचा.

आता परभणी. आमच्याकडे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा चार-पाचवर जातो, हे खरं आणि त्याचा आम्हा परभणीकरांना थोडा अभिमानही आहे. महाबळेश्वरपेक्षा गार म्हणून आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण तो आकडा पहाटेचा, उघड्या रानातला, तासा-दोन तासांचा. दहा वाजता स्वेटर काढावा लागतो, दुपारी अठ्ठावीस. मार्चअखेर अडतीस, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस, आणि डांबराला हात लावला तर फोड येईल. त्या डांबरावर मऊ गुळाचा टायर चालवायचा म्हणजे काय होईल? ठोकळे लिबलिबतात, वळणावर गाडी पोहल्यासारखी वाटते, ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं, आणि नक्षी खोडरबरासारखी झिजते. पहाटेच्या दोन तासांसाठी उरलेले बावीस तास आणि आख्खा उन्हाळा गहाण टाकायचा.

गुरुजींना हे पटलं. पण "मग काहीच करायचं नाही?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि तो मला आवडला. म्हटलं, गाडी दाखवा.

अंगणात गाडी उभी होती, वरून सुरेख, बाईंनी पुसलेली. नक्षी पाहिली, भरपूर. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खोबणीत आडवा उंचवटा असतो, 1.6 मिलीमीटरचा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर कायद्यानं संपला. इथं तर नक्षी त्याच्या कितीतरी वर. गुरुजी खूश. मी म्हटलं, आता वय पाहू. टायरच्या बगलेवर लांबलचक आकड्या-अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पण हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि नशीब असं की बसवणाऱ्यानं नेमकी ती बाजू आत टाकलेली असते. मग पोतं अंथरलं, आडवा झालो, मोबाइलची बॅटरी लावली, चष्मा कपाळावर. ओल्या फडक्यानं चिखल पुसला. 2316.

"म्हणजे?" गुरुजी वरून.

म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. ऐन मृगात जन्मलेला टायर. साडेनऊ वर्षांचा. चारही एकाच वेळचे. बगलेवर अंगठ्यानं रबर दाबलं तर बारीक भेगांची जाळी दिसली, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ फाटतो तशी. कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणत्याला दाखवा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. कमी चालणाऱ्या गाडीचं हेच दुखणं. टायर झिजत नाही, म्हणून माणूस निश्चिंत; पण रबर उन्हानं आणि हवेनं आतून म्हातारं होत असतं. आमच्या एसटीच्या टायरला म्हातारं व्हायला सवडच मिळत नव्हती, त्याआधीच तो घासून रिमोल्डला, म्हणजे वर नवी नक्षी चढवायला, जायचा.

मग हवा. गेज माझ्याकडे आहे, निवृत्तीनंतर घेतलेलं, पिशवीत असतं. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर जेवढी लिहिली होती तिच्यापेक्षा चारही चाकांत आठ-दहा पौंड कमी. एकात तर एकोणीसच उरलेली. स्टेपनी काढली तर तिच्यात आठ पौंड आणि एक वाळलेला कोळी.

"शेवटची कधी भरली?"

"उन्हाळ्यात. उलट तेव्हा जास्त झाली होती म्हणून पंपावर कमी करायला लावली."

संपादक महोदय, कात्री लावू नका म्हणालो तो मजकूर हा. हवा थंडीत आकसते. तापमान पाच-सहा अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पौंड उतरते. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत पट्टीप्रमाणे भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे आठ अंशांत पाच-सहा पौंड कमी भरते, आणि वर महिन्याला पाऊण-एक पौंड आपोआप झिरपते ती वेगळी. गुरुजींनी तर मे महिन्यात, गंगाखेडहून आल्या आल्या, तापलेल्या टायरवर गेज लावून "जास्त" दिसलेली हवा काढून टाकली होती. तापल्यावर ती वाढलेली दिसणारच. हवा मोजायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चाक गार असताना. परभणीतल्या थंडीचं टायरशी जे काही देणंघेणं आहे ते एवढंच, आणि त्याला हजारो रुपये नाही, पंपावरची पाच मिनिटं लागतात.

आपल्या लेखात एक वाक्य होतं, थंडीत हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते. ते कृपा करून मागे घ्या. वाळूत, शेतातल्या मऊ मातीत अडकलेली गाडी काढायला हवा कमी करतात, हे खरं. काढल्यावर लगेच भरतात, हेही खरं. रस्त्यावर कमी हवेचा टायर म्हणजे प्रत्येक फेऱ्याला बगल दुमडते, सरळ होते, दुमडते. तार तोडायची असली की आपण ती वाकवून वाकवून तोडतो, आणि तोडताना ती बोटाला गरम लागते. टायरचं तसंच होतं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, मार खाऊन सांगतो. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाच्याच्या सासरचं लग्न नागपूरला होतं. संभाजीनगरहून पाहुणे घेतले, गाडीत सहा माणसं, वर आहेराच्या पिशव्या, सावंगीला समृद्धीवर चढलो. दुपारचे बारा. गाडी माझी, चालवणारा भाचा, आणि मी पुढं बसून सगळ्यांना टायरच्या गोष्टी सांगत होतो. त्या सकाळी हवा मी पाहिली नव्हती. लग्नाच्या गडबडीत "परवाच तर भरली" म्हणून सोडून दिली. तासाभरात जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग मागून धप, धप, धप. भाच्यानं ब्रेक मारला नाही, हे माझं एकमेव शिकवलेलं कामी आलं. ॲक्सिलेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून त्यानं गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या टायरची नक्षी केळीच्या सोपटासारखी सुटून लोंबत होती, बगलेवर गोल काळं कडं उमटलं होतं. ते कडं मी वर्कशॉपात शेकडो टायरवर पाहिलं होतं आणि शिकाऊ पोरांना दाखवलं होतं, "हे बघा, हा हवा कमी असताना चालवलेला." सगळे पाहुणे सिमेंटच्या रस्त्याकडेला उन्हात उभे, त्यांत एक सत्तरीची मावशी, आणि मी, टायर विभाग, 31 वर्षं.

लोक समृद्धीच्या काँक्रीटला दोष देतात. सरळ, लांब, 120 च्या वेगाची मुभा, मध्ये खड्डा नाही, वळण नाही, म्हणून टायरला थंड व्हायला उसंत नाही, हे सगळं आहेच. मध्यंतरी परिवहन खात्याची माणसं नाक्यावर गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवत होती, ते बरं होतं. पण गुळगुळीतपणा डोळ्याला दिसतो. एकोणीस पौंडाचा आणि तीस पौंडाचा टायर आताच्या रेडियलमध्ये नुसत्या नजरेला ओळखू येत नाही; लाथ मारून तर मुळीच नाही. आणि हवेऐवजी भरतात त्या नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. ज्याला हौस आहे त्यानं भरावा, पण तो कमी झाला तर टायर तसाच तापतो.

पुन्हा गुरुजींकडे येतो. वय ऐकल्यावर ते म्हणाले, ठीक, दोन बदलू, पुढचे. पुढचे का? तर एसटीत नवीन टायर पुढं आणि रिमोल्ड मागं असतात, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं. आणि ते बरोबर आहे, बसला. पुढं दोनच टायर, तेच गाडी वळवतात, एक गेला की स्टिअरिंग हातातून जातं; मागं मात्र जोडीला जोडी असते, एक फुटला तर दुसरा तोलतो. पण लहान गाडीत दोनच टायर नवीन घ्यायची वेळ आली तर ते मागं टाकावेत, असं टायरवाले सांगतात. मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं. एवढ्या वर्षांची सवय. मग विचार केला. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हरला स्टिअरिंग हलकं लागतं, तो पाय काढतो. मागची घसरली तर गाडी लट्टूसारखी फिरते, आणि कुणालाही सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मागं. गुरुजींच्या बाबतीत हा वाद फुकटचाच होता, चारही टायर एकाच मृगातले, चारही काढायचे. पण त्यांना वाद घालायचा होता, आणि अंगणात ऊनही छान आलं होतं.

घ्यायचे ते कोणते? साधे, गाडीबरोबर आलेल्या मापाचे. रुंद नकोत, रिमाबाहेर आलेले नकोत. दुकानात गेल्यावर बसवायच्या आधी ते चार आकडे पाहायचे. गोदामात दोन वर्षं पडलेला टायर नवा म्हणून घ्यायचा नाही. सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, बिल मागून घ्यायचं.

आणि बसवायचे कधी, तर विचार करत बसायचं नाही, येळवशीआधीच. कारण त्या दिवशीचा खरा धोका थंडीचा नाही, रस्त्याचा आहे. उसाचा हंगाम आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी शेतातली काळी माती उचलून आणलेली असते आणि डांबरावर तिचे थापे पडलेले असतात. रात्री दव पडतं, किंवा अवकाळीची एक सर येते, आणि पहाटे त्या थाप्यांचं लोणी होतं. बर्फ न पाहिलेल्या आमच्या मराठवाड्यात बर्फाच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे ती ही. आठ जिल्ह्यांत कुणालाही विचारा. तिच्यावर विंटर टायरसुद्धा हात टेकेल, कारण काळी माती नक्षीत शिरते ती निघत नाही, खोबणी बुजवून टाकते आणि टायर गुळगुळीत करून सोडते. तिथं हळू जाणं आणि पुढच्या ट्रॉलीपासून लांब राहणं हेच. त्या ट्रॉल्यांना मागं लाल परावर्तक नसतात, धुक्यात त्या पाच-दहा हातांवर आल्यावर दिसतात. साखर कारखान्यांनी हंगाम सुरू होण्याआधी ते लावून द्यावेत, अशी बातमी आपण दरवर्षी छापता. यंदाही छापा.

विंटर टायर आपल्या देशात कुणालाच नको, असं मी म्हणत नाही. काश्मिरात, लडाखात, मनालीच्या वर राहणाऱ्यांना त्याचा विचार करावा लागतो. आपण पर्यटक म्हणून जातो तेव्हा टंगमर्गहून गुलमर्गला चढताना बर्फ असला की तिथले ड्रायव्हर चाकांना साखळ्या बांधतात, आणि आपण आपली गाडी खाली ठेवून त्यांच्या गाडीत बसावं हे बरं. परभणीहून दोन हजार किलोमीटर स्वतःची गाडी नेऊन बर्फात घालणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबानं मला टायर विचारले होते. मी त्यांना विमानाचं तिकीट विचारा म्हणालो.

आपल्याला एवढंच सुचवायचं आहे की असे लेख बाहेरून येतात, भाषांतर होऊन येतात, त्यांचे आकडे खरे असतात, फोटो सुंदर असतात. छापताना खाली एक ओळ टाका, की हा कुठल्या गावच्या रस्त्याचा सल्ला आहे. आणि टायरवर एक लेख एप्रिलमध्ये द्या, लग्नसराईच्या आधी, आमच्या उन्हाळ्याचा. फोटो हवा असेल तर माझ्याकडे त्या सोलून निघालेल्या टायरचा आहे, भाच्यानं काढलेला. त्यात मीही आहे, डोक्याला हात लावून बसलेला. चेहरा झाकला नाही तरी चालेल.

गुरुजींचे चारही टायर गुरुवारी बसले. चाचांनीच बसवले, नट हातानं सुरू करून, माझ्यादेखत. चाकांवर खडूनं खुणा करायला मी लावल्या, त्याची गरज नव्हती, पण मला करायच्या होत्या. जुन्यांपैकी एक नातवानं झोक्यासाठी ठेवून घेतला, तीन दुकानदार घेऊन गेला. स्टेपनीचा टायर मात्र गुरुजी बदलू देत नाहीत. "तो तर वापरलाच नाही," म्हणतात. त्यावर मी आज संध्याकाळी पोतं आणि बॅटरी घेऊन पुन्हा जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी (टायर विभाग),
परभणी